ऑपरेशननंतरचा शेक आणि त्यानंतरचा खोकला : वाचकांचे प्रश्न

फुप्फुसाच्या कर्करोगाचं ऑपरेशन आणि त्यानंतर शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्यांच्या घरून या वेळी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

बाबांच्या डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढला, नंतर २५ वेळा शेक दिला. तो संपून दोन महिने झाले. आता कोरडा खोकला, बारीक ताप, जिना चढला की दम. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक नाही. एक्स-रेत डाग दिसतो म्हणून डॉक्टर टीबीच्या गोळ्या सुरू करू म्हणतात. कराव्या का? (काटोल)

थुंकी तपासल्याशिवाय नको. तुम्ही सांगता ती लक्षणं आणि ती सुरू झाल्याची वेळ पाहता मला पहिला संशय येतो तो शेकामुळे फुप्फुसाला आलेल्या सुजेचा. ही सूज शेक चालू असताना क्वचितच येते. बहुतेकदा तो संपल्यावर एक ते सहा महिन्यांत डोकं वर काढते, आणि तोवर घरचे 'झालं एकदाचं' म्हणून निश्चिंत झालेले असतात. आपल्याकडे टीबी घरोघरी ठाऊक आहे, त्यामुळे एक्स-रेतल्या डागाला तेच नाव पटकन चिकटतं.

सीटी स्कॅन करा आणि तो शेक देणाऱ्या डॉक्टरांनाच दाखवा. न्यूमोनिया बहुधा फुप्फुसाच्या कप्प्याची हद्द पाळतो. शेकाची सूज ती पाळत नाही; किरण जिथून गेले तिथेच डाग पडतो आणि पुष्कळदा त्याची कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ दिसते. शेकाचा नकाशा, म्हणजे किरण कुठून द्यायचे याचा आराखडा, शेजारी ठेवला की उलगडा होतो. सोबत थुंकीची सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू शोधणारी, तपासणी होऊ द्या. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी नाही ना, आजार परतला नाही ना, हेही बघावंच लागतं, कारण या सुजेचं निदान बाकीच्या शक्यता बाजूला सारूनच होतं.

टीबीचा निकाल आधी लागणं दोन कारणांनी महत्त्वाचं आहे. सुजेवरचं औषध स्टेरॉइड, आणि छातीत खरोखर टीबी असेल तर नुसत्या स्टेरॉइडनं तो भडकतो. उलट, टीबी नसताना गोळ्या चालू केल्या तर त्यातलं रिफॅम्पिसिन स्टेरॉइडचा जोर कमी करतं. ऑक्सिमीटरवर बसल्या जागी आकडा ९२ च्या खाली गेला, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, थेट भरती करा.

आईला हीच सूज निघाली. स्टेरॉइडनं चार दिवसांत बरं वाटलं, पण शुगर वाढली. स्टेरॉइडच्या गोळ्या बंद केल्या तर चालेल? (महाल)

नाही. या चुकीपायी बरे होत आलेले पेशंट पुन्हा ऑक्सिजनवर गेलेले दिसतात. प्रेडनिसोलोन साधारण ४० ते ६० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, सुमारे दोन आठवडे तोच डोस ठेवतात आणि मग पायरी-पायरीनं उतरवतात. सगळं मिळून दीड ते तीन महिने लागतात. लवकर थांबवलं की सूज उलटते. शिवाय इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो.

शुगर सकाळी उपाशीपोटीच मोजत असाल तर फसाल. सकाळी घेतलेल्या गोळीनं साखर दुपारी-संध्याकाळी चढते, म्हणून जेवणानंतरची मोजा. ती सांभाळायला गरज पडल्यास काही दिवस इन्सुलिन घ्यावं लागलं तरी बिघडत नाही. गोळ्या महिनाभराहून जास्त चालणार असतील तर एका विशिष्ट फुप्फुससंसर्गापासून बचावासाठी को-ट्रायमॉक्साझोल लागेल का, हे विचारा. सल्फाची अॅलर्जी असेल तर तेव्हाच सांगा.

शेकाचा तिसरा आठवडा. घास उतरताना छातीत आग होते. ताकदीसाठी संत्र्याचा रस देतोय. (धरमपेठ)

संत्री आपल्या नागपूरची असली तरी सध्या ती बाजूला. अन्ननलिका सोलवटलेली असताना आंबट रस म्हणजे जखमेवर लिंबू. तर्री-पोहे, सावजी रस्सा, कडक गरम चहाही नको. मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, ज्वारीच्या कण्या, थंड दूध, मऊ उकडलेलं अंडं, थोडं थोडं दिवसातून सहा-सात वेळा द्या. जेवणाआधी घ्यायचं बधिर करणारं औषध आणि आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टर देतील. तोंडात पांढरे चट्टे दिसले तर बुरशीचं औषध लागतं. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) चालू असेल तर तो आजच बंद.

दुखतं म्हणून मनानं शेक बुडवू नका. खाडे पडले की त्याचा परिणाम घटतो. पाणीही उतरेना झालं तर सलाईन किंवा नाकातून नळी लागेल. ही आग शेक संपल्यावर तीन-चार आठवड्यांत शमते. काही महिन्यांनी पोळी अडकायला लागली तर मात्र अन्ननलिका आकसली असू शकते. ती दुर्बिणीतून रुंद करता येते.

काकांचं उजवं फुप्फुस पूर्ण काढलं आहे, शेकही झाला. घरी कशावर लक्ष ठेवू? (कामठी)

अचानक खोकल्याची उबळ येऊन पातळ, पाण्यासारखी किंवा तपकिरी-लालसर थुंकी भरपूर पडू लागली, विशेषतः डाव्या कुशीवर झोपल्यावर, तर ती इमर्जन्सी समजा. श्वासनळीचं शिवलेलं टोक उघडलं की काढलेल्या फुप्फुसाच्या रिकाम्या जागेत साठलेलं पाणी उरलेल्या एकुलत्या फुप्फुसात शिरतं. उजवीकडे हा धोका जास्त असतो आणि शेकानं टोक भरून येणं मंदावतं. डोक्याकडची बाजू उंच ठेवा, काकांना ऑपरेशन झालेल्या, म्हणजे उजव्या कुशीवर कलवा आणि १०८ ला फोन करा. चांगली बाजू खाली येता कामा नये. दवाखान्यात छातीत नळी घालून पाणी काढतात. छिद्र बुजवण्याचं पुढे ठरतं.

कपभर रक्त पडलं तरी हीच कूस आणि हीच घाई.

भावाचं ऑपरेशन झालं. छातीच्या मधल्या लसिका गाठींमध्ये (लिम्फ नोड) आजार होता, पण सगळा निघाला. एक डॉक्टर शेक द्या म्हणतात, दुसरे नको. (वर्धा)

दुसऱ्यांच्या बाजूनं आज पुरावा जास्त आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लंग आर्ट' चाचणीत अशाच ५०१ रुग्णांचा अभ्यास होता. तीन वर्षांनी आजार न परतता जगणारे शेक घेतलेल्यांत ४७ टक्के, न घेतलेल्यांत ४४ टक्के. हा फरक ठोस मानण्याइतका नाही. हृदय-फुप्फुसाचे त्रास मात्र शेकाच्या गटात जास्त. म्हणून सरसकट शेक आता देत नाहीत. बायॉप्सीच्या रिपोर्टात कापलेल्या कडेला आजार शिल्लक आहे असं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे शेक बहुधा लागतोच. दोन्ही डॉक्टरांना तोच रिपोर्ट दाखवून एवढंच विचारा. हृदयविकार आधीचा असेल तर तेही सांगा.

नातवाला आजोबांजवळ झोपू द्यावं का? आणि कूलर? (हिंगणा)

खुशाल झोपू द्या. मशीनमधून बाहेरून दिलेला शेक अंगात राहत नाही. कूलर मे महिन्यात हवाच, फक्त झोत थेट छातीवर नको. पाणी रोज बदला आणि बुरशी आलेली गवताची जाळी टाकून द्या. शेकाच्या जागेवर बाम आणि गरम पाण्याची पिशवी वर्ज्य, आणि ती जागा उन्हापासून झाकून ठेवा.