नवा अवतार घेताना

सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात नवीन आहेस ना, मग तिथे तुझ्या जागी वावरणाऱ्या अवताराची उंची नि रूप ठरवताना घाई करू नकोस. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांच्या 2007 च्या प्रयोगात उंच अवतार मिळालेली माणसं पैशांच्या वाटणीत जास्त ताठ वागली, ठेंगणे अवतारवाले पडतं घेत गेले. म्हणजे सोंग आपल्यालाही वळण लावतं. (मला तर ठेंगणाच अवतार आवडतो.)

तिथे कुणी जवळचं वाटलं तर लाजू नकोस, जीव खराच लागतो. पण कुणी लिंडेन डॉलर, म्हणजे तिथलं चलन, उसने मागितले की सावध हो. ते विकून खरे डॉलर मिळतात. इंदूरचाच कुणी निघाला, तर पहिली भेट राजवाड्यासमोर, दिवसाउजेडी, मैत्रिणीला घेऊन. सराफ्यातला खाऊबाजार रात्री भरतो, तो पुढच्या वेळी.