ताईच्या लग्नात करवलीने नेमकं काय करायचं?

ताईच्या लग्नात करवली व्हायचंय, हातात दिवा धरण्यापलीकडे काही काम असतं का, असं तू विचारलंयस. भरपूर असतं. दिवा मंगलाष्टकांपुरता, नवरीजवळ राहायचं मात्र पहाटेपासून पाठवणीपर्यंत. म्हणून स्वतःची तयारी सगळ्यांच्या आधी उरक.

ताई गौरीहरापाशी बसली की तूही तिथेच बस. मामा तिला बोहल्यावर न्यायला येईपर्यंत ती बरेचदा एकटीच असते, बाकी घर पाहुण्यांमागे. रूढीप्रमाणे नवरीला उपास असतो आणि होम आटपेपर्यंत दुपार उलटते. रिकाम्या पोटी धुरासमोर बसून भोवळ येते, तेव्हा दूध-केळं जवळ ठेव. गुरुजींना आधी विचारलंस तर बहुतेक जण खाऊ देतात.

मंगलाष्टकांना कऱ्हा आणि दिवा घेऊन तिच्या मागे उभं राहायचं. पदर पिनेने पक्का कर, केस बांधून घे, कारण हातात ज्योत असते आणि चहूकडून अक्षता येत असतात. पंख्याच्या वाऱ्याने दिवा विझला तर गाजावाजा न करता पुन्हा लाव. कुणी अपशकुन म्हणून पुटपुटलंच, तर ते ताईच्या कानावर जाऊ देऊ नकोस. मला हे दिव्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. अंतरपाट दूर झाला की हार घालताना मुंडावळ्या हमखास अडकतात, तेवढ्या हलकेच सोडव.

लाजाहोमात लाह्या द्यायला आणि कानपिळीला भाऊ लागतो, आणि तो नेमका तेव्हा पंगतीत वाढत असतो! त्याला वेळेवर आणून उभा कर. सप्तपदीला ताई शालूत असेल तर तांदळाच्या राशींवर पाऊल टाकताना निऱ्या पायात येतात. वाकून त्या चिमटीत धर. फोटोवाला बाजूला हो म्हणाला तरी हटू नकोस.

तुझ्या पिशवीत सेफ्टी पिना, सुईदोरा, कुंकू, रुमाल, पाणी आणि डोकेदुखीची गोळी हवीच. नथ, तन्मणी, बाजूबंद, जे काही घातलंय त्याची यादी कर. साडी बदलताना उतरवलेला दागिना थेट आईच्याच हातात जायला हवा.

पाठराखीण म्हणून सासरी कोण जाणार, तेही आजच विचारून घे. पूर्वी एखादी जाणती बाई जायची, हल्ली बहुतेकदा बहीणच जाते. नव्या घरात ताईला पाणी मागायलाही संकोच वाटेल, ते तू मागायचंस. जाणार असशील तर तुझे कपडे आदल्या दिवशीच भरून ठेव, पाठवणीच्या रडारडीत ते सुचत नाही.