टॉर्चचा अहवाल हाती आल्यावर

पुणे

प्रिय तरुण सहकाऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

दहाव्या आठवड्यातल्या पहिलटकरणीच्या टॉर्च तपासणीत, म्हणजे गर्भाला इजा करू शकणाऱ्या संसर्गांच्या रक्तचाचणीत, सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूविरुद्धचे आयजीएम, म्हणजे नव्या संसर्गात शरीर आधी बनवते ते प्रतिपिंड, पॉझिटिव्ह आले आणि तिच्या सासूबाईंनी 'गर्भ ठेवायचा की नाही' असे तुला थेट विचारले, हे वाचून लगेच लिहायला बसलो. उत्तराची घाई करू नकोस. आयजीएम रक्तात कित्येक महिने टिकू शकते, म्हणून आधी अ‍ॅव्हिडिटी, म्हणजे प्रतिपिंडे विषाणूला किती घट्ट धरतात याची चाचणी, करून घे. या आठवड्यांत ती जास्त आली, तर संसर्ग बहुधा दिवस राहण्याआधीचा असतो आणि बाळाचा धोका पुष्कळच कमी होतो. संसर्ग नवा ठरला, तरी साधारण तिघींपैकी एकीच्याच बाळापर्यंत तो पोहोचतो, आणि अशा बाळांतही बहुतेकांना जन्मतः काही लक्षण नसते. मात्र त्यांच्या कानांवर पुढे लक्ष ठेवावेच लागते.

विषाणू कोणत्या वाटेने आणि कितव्या आठवड्यात आला, हे आधी ठरव. वारेच्या अंकुरांवरच्या पेशी एकमेकींत मिसळून सलग अस्तर बनलेले असते. त्यात सांधेच नसल्यामुळे बहुतेक विषाणू आईच्या बाजूलाच अडतात. रुबेला आणि झिका हा अडसर ओलांडतात. 2024 च्या पावसाळ्यात एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले, तेव्हा गर्भवतींच्या सोनोग्राफीत बाळाच्या डोक्याचा घेर पुन्हा पुन्हा मोजावा लागे, तो यासाठीच; झिकाने बाळाचे डोके लहान राहू शकते. हिपॅटायटिस बी मात्र मुख्यतः बाळंतपणाच्या वेळी, आईच्या रक्तातून आणि स्रावांतून बाळाला लागतो, म्हणून जन्मानंतर 24 तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, दिल्यास बहुतेक बाळे वाचतात. एचआयव्ही दुधातूनही जातो. आईचे औषध नियमित चालू असेल, तर ती जोखीम फार खाली येते.

उमेदवारीच्या काळात पदराच्या टोकात रुबेलाचा अहवाल गुंडाळून आलेल्या एका बाईला, पुरळ कधी उठले हे न विचारताच, बाळाला मोतीबिंदू, हृदयदोष, बहिरेपण होऊ शकते असे मी सांगून बसलो. पुरळ सातव्या महिन्यातले होते, आणि हा धोका प्रामुख्याने पहिल्या 12 आठवड्यांतला असतो. बाळ सुखरूप जन्मले. पण तोवरच्या तिच्या रात्री मला अजून आठवतात.

सोमवारी तुझी पहिलटकरीण येईल तेव्हा शेवटच्या पाळीची तारीख, ताप कधी आला, घरात लहान मूल आहे का, हे सगळे विचार. लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून सायटोमेगॅलोव्हायरस सहज पसरतो. सासूबाईंनाही शेजारी बसव. अ‍ॅव्हिडिटी कमी आली, तर गर्भजल तपासणी 20 आठवड्यांनंतर करायची असते, हे दोघींना तारखेसकट कागदावर लिहून दे आणि अहवाल मला पाठव.