वाचकांचे प्रश्न : तारामतीपासून बॉबीच्या आजीपर्यंत

दुर्गा खोटे यांच्याविषयी वाचकांनी विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरे या अंकात दिली आहेत.

प्रश्न : चित्रपटात काम करणाऱ्या पहिल्या घरंदाज स्त्री म्हणजे दुर्गा खोटे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हे खरे आहे का? आणि त्या काळात त्यांना या क्षेत्रात का यावेसे वाटले? (एक वाचक, सातारा)

उत्तर : हे विधान सरसकट स्वीकारले, तर त्यांच्या आधीच्या स्त्रियांवर अन्याय होतो. दादासाहेब फाळके यांच्या 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका करायला स्त्री मिळाली नाही आणि ती अण्णा साळुंके या पुरुषाने केली, हे खरे, परंतु त्याच वर्षी फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) या दोघी पडद्यावर आल्या होत्या. दुर्गाबाई कामत यांनी पोटासाठी रंगभूमी पत्करली आणि त्याची किंमतही मोजली. म्हणून ‘पहिल्या’ हा मान दुर्गा खोटे यांना देताना थोडे थांबावे, असे मला वाटते. मुंबईतील सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातील एक स्त्री बोलपटात नायिका म्हणून आली आणि तिच्यामुळे तशाच अनेक घरांतील मुलींचा मार्ग मोकळा झाला, एवढे मात्र निःसंशय म्हणता येते.

14 जानेवारी 1905 रोजी लाड घराण्यात त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे गोव्याचे. शिक्षण मुंबईच्या कॅथीड्रल शाळेत आणि नंतर सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. खोटे यांच्या घरात त्या सून म्हणून गेल्या, तेव्हा ते घरही सुखवस्तू होते. परंतु पुढे तेथील आर्थिक घडी विस्कटली, तरुणपणीच वैधव्य आले, आणि बकुल व हरीन या दोन मुलांना वाढवण्याची जबाबदारी त्यांच्या एकट्यावर येऊन पडली. माहेरच्यांवर भार टाकायचा नाही, हा त्यांचा निश्चय होता. चित्रपटात येण्यामागे हौस नव्हती, मिळकतीची गरज होती, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही.

मोहन भवनानी यांच्या 1931 च्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांना एक छोटी भूमिका मिळाली. चित्रपट आणि त्यातील त्यांचे काम या दोन्हींवर टीका झाली आणि घरच्यांनाही समाजात बरेच ऐकून घ्यावे लागले. या अनुभवानंतर एखादीने हा नाद कायमचा सोडला असता. परंतु व्ही. शांताराम यांनी त्यांना कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’साठी विचारले आणि त्यांनी होकार दिला. 1932 साली हा चित्रपट प्रदर्शित झाला. फाळक्यांच्या चित्रपटात जी तारामती साळुंके यांनी साकारली होती, तीच एकोणीस वर्षांनी दुर्गाबाईंच्या वाट्याला आली, आणि या वेळी ती बोलतही होती, गातही होती. समोर हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते, संगीतही त्यांचेच.

हे काम किती कष्टाचे होते, याची कल्पना आजच्या प्रेक्षकाला सहज येणार नाही. पार्श्वगायन तेव्हा सुरू झाले नव्हते. नटाने कॅमेऱ्यापुढे अभिनय करता करताच गायचे, साथीदारांनी चौकटीबाहेर बसून वाजवायचे आणि चित्र व ध्वनी एकाच वेळी मुद्रित करायचे, अशी पद्धत होती. मधल्या एका शब्दाला जीभ अडखळली, तरी सगळे पुन्हा पहिल्यापासून. शिवाय हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत तयार झाला. म्हणजे आताच मराठीत रडून झालेली तारामती तोच प्रसंग पुन्हा हिंदीत रडणार. ज्या स्त्रीला नाटक मंडळीतील तालमीचा अनुभव नव्हता, तिने हे पेलले, याचे मला अधिक कौतुक वाटते. घराण्याची चर्चा पुष्कळ झाली. या मेहनतीबद्दल मात्र फारसे लिहिले जात नाही.

प्रश्न : एवढे यश मिळाल्यावरही त्या ‘प्रभात’मध्येच का राहिल्या नाहीत? (एक वाचक भगिनी, बेळगाव)

उत्तर : त्या काळी बहुतेक कलावंत कंपनीचे पगारदार नोकर असत. महिन्याचा पगार ठरलेला, कंपनी सांगेल ती भूमिका करायची, आणि दुसऱ्या कंपनीच्या चित्रपटात काम करायचे नाही. दुर्गाबाईंनी स्वतःला असे बांधून घेतले नाही. एकेका चित्रपटाचा करार करून वेगवेगळ्या कंपन्यांत काम करणाऱ्या आरंभीच्या मोजक्या कलावंतांत त्यांची गणना होते. कलकत्त्याला न्यू थिएटर्सचा ‘राजरानी मीरा’ (1933) आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा ‘सीता’ (1934) हे दोन्ही चित्रपट त्यांनी देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली केले. ‘सीता’ व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि त्यात रामाच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर होते.

‘प्रभात’शी त्यांचे संबंध तुटले नव्हते. 1932 च्याच ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्यांनी स्त्रीराज्याची राणी किलोतला साकारली होती, आणि 1936 मध्ये, कंपनी पुण्याला आल्यानंतर, शांताराम यांच्याच दिग्दर्शनाखाली ‘अमर ज्योती’ केला. माझ्या मते त्यांच्या तरुण वयातील सर्वांत मोठी भूमिका हीच. सौदामिनी नावाच्या स्त्रीला तिच्या पोटच्या मुलाचा ताबा नाकारला जातो. आईला तो अधिकारच नाही, असे राज्याचा कायदा सांगतो. ती समुद्रावर जाते, चाच्यांची प्रमुख होते आणि ज्याने हा न्याय दिला त्या दुर्जय मंत्र्यावर (चंद्रमोहन) सूड उगवते. जहाजावर उभी असलेली, हुकूम सोडणारी, कोणाच्या दयेची अपेक्षा न करणारी ही बाई पाहताना तारामतीची आठवणही येत नाही. दोन मुलांना एकटीने वाढवणाऱ्या स्त्रीने मुलाच्या ताब्यासाठी पेटून उठलेली आई उभी केली, हे लक्षात घेऊन तो चित्रपट पाहिला, तर त्यातील आवेश अधिक भिडतो. पुढच्याच वर्षी ‘साथी’च्या निमित्ताने त्यांनी चित्रपटनिर्मितीतही पाऊल टाकले.

प्रश्न : आमच्या पिढीला त्या फक्त आई आणि आजीच्या भूमिकांत आठवतात. नायिकेची कामे मिळेनाशी झाली म्हणून त्यांना या भूमिका कराव्या लागल्या का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : वय वाढले की नायिकेला आईची कामे दिली जातात, ही आपल्या चित्रपटसृष्टीची रीत तेव्हाही होती. परंतु दुर्गाबाईंनी हा बदल फार लवकर आणि ताठ मानेने स्वीकारला. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’मध्ये (1941) त्यांनी सुनेला छळणारी सासू केली, तेव्हा त्यांचे वय अवघे छत्तीस होते. पुढच्या वर्षी विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’मध्ये त्या कैकेयी झाल्या. या दोन्ही भूमिकांसाठी त्यांना बंगालच्या चित्रपट पत्रकार संघटनेचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पुरस्कार मिळाले. प्रेक्षकांच्या मनात सीता आणि तारामती म्हणून स्थान मिळवलेली अभिनेत्री सासू आणि कैकेयी व्हायला तयार होते, यात भूमिकेची पारख आहे. नाइलाज मला तरी दिसत नाही.

‘मुघल-ए-आझम’मधील (1960) जोधाबाई सर्वांना ठाऊक आहे. तेथे अकबर पुन्हा पृथ्वीराज कपूर. ‘सीता’मधील राम-सीता सव्वीस वर्षांनी बादशहा आणि महाराणी म्हणून समोरासमोर आले. पती आणि मुलगा एकमेकांवर शस्त्र उपसून उभे असताना या बाईने कोणाची बाजू घ्यायची? पृथ्वीराज यांचा आवाज दरबार दणाणून सोडतो. त्याच्या शेजारी दुर्गाबाई आवाज न चढवता उभ्या राहतात, आणि प्रसंगाचे दुःख त्यांच्याकडून आपल्यापर्यंत पोहोचते.

ज्यांना त्यांची रंगभूमी पाहता आली, त्यांना ही ताकद कोठून आली हे वेगळे सांगावे लागणार नाही. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्यांनी अनेक वर्षे काम केले. ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई आणि शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’मधील राणी या त्यांच्या भूमिका जाणकारांनी नावाजल्या होत्या. 1958 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतरचे मान, म्हणजे 1968 ची पद्मश्री, ‘बिदाई’साठी फिल्मफेअर आणि 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार, सर्वपरिचित आहेत.

प्रश्न : शुभा खोटे आणि विजू खोटे ही त्यांची मुले का? तसेच, आज त्यांचे कोणते चित्रपट पाहावेत? (एक वाचक भगिनी, ठाणे)

उत्तर : नाही. शुभाताई आणि विजू खोटे ही दुर्गाबाईंचे दीर, रंगभूमीवरील नट नंदू खोटे यांची मुले. म्हणजे दुर्गाबाई त्यांच्या काकू. रंगभूमीवरील ज्येष्ठ दिग्दर्शिका विजया मेहता या मात्र त्यांच्या स्नुषा होत्या. हरीन खोटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. हरीन यांचे निधन अकाली झाले.

पाहण्याविषयी सांगायचे, तर ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची प्रत आज उपलब्ध नाही, परंतु ‘अयोध्येचा राजा’ पाहता येतो, आणि तो अवश्य पाहावा. त्यानंतर ‘अमर ज्योती’. मग ‘मुघल-ए-आझम’ बाजूला ठेवून थेट 1973 च्या ‘बॉबी’कडे जावे. तेथे त्या बॉबीच्या आजीच्या, मिसेस ब्रॅगेन्झा या गोव्याच्या ख्रिस्ती बाईच्या भूमिकेत आहेत. भूमिका लहान आहे, पण मूळच्या गोव्याच्या घरातून आलेल्या दुर्गाबाई त्या घरात इतक्या सहज वावरतात की, ही महाराणी जोधाबाई होती यावर विश्वास बसत नाही. ‘वागळे की दुनिया’ ही दूरदर्शन मालिका आवडली असेल, तर तिची श्रेयनामावलीही पुन्हा एकदा पाहावी. आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रांवर बेतलेली आणि कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली ती मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची होती, आणि 1988 साली ती दाखवली जात होती, तेव्हा दुर्गाबाईंनी ऐंशी ओलांडली होती.