लॅपटॉप आधी परत द्या, करिअरचं नंतर बोलू

तुमचं पत्र वाचलं. मुलगी बारावी सायन्सला, अकरावीत फिजिक्सला 84, मॅथ्सला 91, तिला सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड स्फोट, शोधायचेत आणि तुम्हाला वाटतं तिने सीईटी देऊन गुपचूप कॉम्प्युटर इंजिनीअरिंग घ्यावं. रात्री जागून कॅलिफोर्नियातल्या दुर्बिणीचे फोटो बघत बसते म्हणून दिवाळीपासून लॅपटॉप कपाटात. हे सगळं दीड पान, आणि अगदी शेवटी एक ओळ, की हल्ली ती आमच्याशी फारसं बोलत नाही.

मला काळजी त्या ओळीची वाटते हो. या वयात पोरं अबोल होतात हे मान्य, पण इथे कारण तुम्हीच लिहून पाठवलंय. मार्क कमी झाले नाहीत, तिने काही लपवलं नाही, उलट उत्साहाने तुम्हाला बोलावून फोटो दाखवले आणि त्यावर लॅपटॉप गेला. तिने यातून काय शिकावं? घरात आवडीची गोष्ट सांगितली की ती काढून घेतात, एवढंच. पुढे कॉलेजात खरंच काही बिनसलं तर ती तुम्हाला सांगेल का, याचा विचार करा. झोपेची काळजी रास्त आहे, तर अकरा वाजता बंद असं तिच्याशी बोलून ठरवा, पण लॅपटॉप आजच द्या.

आता तुमचं ते वाक्य, "रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसणं मुलीचं काम नाही". अहो, तसं कोणीच बसत नाही! ती फोटो बघते ते झेडटीएफ नावाच्या आकाश-सर्वेक्षणाचे. त्याची पालोमार वेधशाळेतली 48 इंची दुर्बीण 2018 पासून जवळपास आपोआप चालते, एका फोटोत दोनशेहून जास्त पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढं आकाश घेते. नव्या फोटोतून त्याच जागेचा जुना फोटो कॉम्प्युटर वजा करतो, जे उरतं, म्हणजे आकाशात जे बदललं, त्याची आपोआप सूचना जाते, तो अलर्ट. एका रात्रीत असे लाखो. तिने तुम्हाला दाखवले ते बहुतेक तेच तीन चौकोन असणार, नवा, जुना आणि वजाबाकी, आणि तिसऱ्यात गॅलेक्सीच्या कडेला एक ठिपका. तो ठिपका सुपरनोव्हा, लघुग्रह, की दोन फोटो नीट जुळले नाहीत म्हणून राहिलेला कचरा, हे ओळखणारा प्रोग्राम लिहायचा, मग स्पेक्ट्रम घेऊन, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत वेगळा करून, प्रकार ठरवायचा, हे खरं काम. म्हणजे पायथन, स्टॅटिस्टिक्स, मशीन लर्निंग. तुम्हाला जे कॉम्प्युटर हवंय ते ती रात्री करतच होती की! चिलीतल्या रुबिन दुर्बिणीकडून तर रात्रीला 1 कोटीपर्यंत अलर्ट अपेक्षित आहेत, तिथे कोड येणारी माणसंच लागणार. आणि मुलीचं काम म्हणाल तर मूळच्या इंदूरच्या मानसी कासलीवाल कॅलटेकमध्ये प्रोफेसर आहेत, याच विषयात. झेडटीएफ उभं करणारे श्रीनिवास कुलकर्णी जन्माने आपल्या कुरुंदवाडचे.

पैशाचं स्पष्ट सांगतो, कारण ती भीती खोटी नाही. पीएचडीला पाच-सहा वर्षं, सुरुवातीची फेलोशिप महिना 37 हजार, नंतर परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी, आणि पर्मनंट जागा खरोखर कमी. बरेच जण मध्येच डेटा सायन्सकडे वळतात आणि चांगलं कमावतात. हे तिलाही सांगा, पण घाबरवायला नको, माहिती म्हणून.

रस्ते तुम्ही विचारलेत तर आयसर आणि नायसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्था, आयसरची प्रवेश परीक्षा आयएटी, नायसरची नेस्ट, नाहीतर बीएस्सी फिजिक्स करून एमएस्सीसाठी जॅम ही परीक्षा. सीईटीही देऊ दे, इंजिनीअरिंग करूनही इकडे येता येतं. हानलेला लडाखमध्ये आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूच्या आयआयए या खगोलभौतिकी संस्थेची ग्रोथ-इंडिया म्हणून 0.7 मीटरची रोबोटिक दुर्बीण आहे, असल्याच स्फोटांच्या मागावर असते, तिचं काम तिला वाचायला सांगा. फक्त आयएटी-नेस्टचे फॉर्म सीईटीच्या नादात राहून जातात, तारखा तिच्यासोबत बसून बघा आणि फॉर्म तिलाच भरू द्या.