कात्रीचा इंग्रजी भाऊबंद

'कट' हा इंग्रजी शब्द आणि आपली 'कात्री' एकाच मुळातून आले का, असा प्रश्न आहे. कानाला तसं वाटतं खरं, पण नाही. जुन्या इंग्रजीत 'कट' सापडतच नाही. तो १३०० च्या आसपास लेखनात दिसू लागतो, बहुधा स्कँडिनेव्हियाकडून आलेला.

कात्रीचा खरा भाऊबंद म्हणजे 'शिअर', आणि तो ऐकून कुणाला ओळखू यायचा नाही! मेंढीची लोकर कातरायची तर इंग्रजीत आजही हेच क्रियापद लागतं. आद्य इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत-इंग्रजी वगैरेंची अनुमानाने मांडलेली मूळ भाषा; तिच्यात कापण्याचा धातू 'स्केर्' असा मानतात. या भाषाकुळात धातूच्या आरंभीचा 'स' कधी टिकतो, कधी गळतो. इंग्रजीत तो टिकला आणि पुढे 'स्क'चा 'श' झाला. आपल्याकडे गळाला, शेवटी 'त' जोडला गेला, आणि संस्कृतात 'कृत्' (कृन्तति) आला. त्यावरून कर्तरी, प्राकृतात कत्तरी, मराठीत कातर आणि कात्री. सूत 'कातणे' मात्र यात ओढू नका. धातुपाठातच, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीतच, दोन 'कृत्' वेगळे दिले आहेत, एक 'छेदने' (कापणे), दुसरा 'वेष्टने' (गुंडाळणे).

'शिअर'चा इंग्रजी गोतावळा मोठा आहे. 'शॉर्ट' म्हणजे मुळात कापून आखूड केलेलं. 'शेअर' म्हणजे कापून काढलेला वाटा. शेअर बाजारातलाही तोच. गंमत 'शर्ट' आणि 'स्कर्ट' यांची. शब्द एकच, अर्थ आखूड कपडा. नवव्या शतकापासून इंग्लंडात वस्ती केलेल्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या लोकांनी 'स्क' तसाच ठेवला, इंग्रजांनी 'श' केला, आणि एकाच शब्दाची दोन वस्त्रं झाली. 'स्कोअर'ही नॉर्सच. मोजताना काठीवर पाडलेली खाच, आणि पुढे वीस, म्हणजे आपली कोडी. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी १८६३ च्या गेटिसबर्गच्या भाषणात ८७ वर्षं 'चार स्कोअर आणि सात' अशी मोजली ती यानेच.

आणि 'सिझर्स'? कात्रीचं इंग्रजी नाव असूनही ती या घराण्यातली नाही. ती लॅटिनकडून, फ्रेंचमार्गे आली.

वर्कशॉपमध्ये बोल्ट आडव्या जोराने तुटला की 'शिअर झाला' म्हणतात, तोही हाच. त्या बलाला मराठी परिभाषेत 'कर्तन' म्हणतात. शब्द योजणाऱ्याने हे नातं पाहिलं होतं की नुसता अर्थ, कुणास ठाऊक.