झिणझिण्या थांबल्या म्हणजे धोका टळला का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून सांगलीत विश्रामबाग भागात राहतो. लाकूडकामाच्या छंदासाठी परसातील पत्र्याच्या शेडमध्ये गोल पात्याची छोटी करवत बसवली आहे. तिला भंगारातून घेतलेली, जुन्या घरघंटीची १ अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार जोडली आहे. पावसाळ्यात करवतीच्या लोखंडी टेबलाला हात लागला की झिणझिण्या येऊ लागल्या. ओळखीच्या वायरमनने थ्री पिन टॉप उघडून अर्थिंगची पिन तारेच्या तुकड्याने न्यूट्रलला जोडली, तेव्हापासून झिणझिण्या बंद आहेत. शेडमध्ये अर्थिंग नाही, मात्र १६ अँपिअरची एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारे बटण) नवी आहे. एवढ्यावर निर्धास्त राहावे का?

उत्तर : नाही. हे वाचून होताच टॉप सॉकेटमधून काढून ठेवावा आणि दुरुस्ती होईपर्यंत करवत चालवू नये.

मोटारीच्या वाइंडिंगवरील (आतील तारेच्या वेटोळ्यांवरील) इन्सुलेशन, म्हणजे वीजरोधक आवरण, जुने झाले किंवा त्यात ओल शिरली की थोडा प्रवाह मोटारीच्या बॉडीत झिरपतो, आणि मोटार टेबलाला बोल्टने आवळलेली असल्याने तो टेबलावर येतो. अर्थिंग असते तर तो जमिनीत निघून गेला असता. ते नसल्याने ओल्या जमिनीवर उभे राहिलेले आपणच त्याची वाट झालात. न्यूट्रलची तार रोहित्रापाशी जमिनीला जोडलेली असते, म्हणून वायरमनने जोडलेल्या तुकड्यातून झिरपणारा प्रवाह परत गेला आणि झिणझिण्या थांबल्या. दोष मात्र मोटारीत जसाच्या तसा आहे.

खरा धोका त्या तुकड्यातच आहे. न्यूट्रल ही मोटारीचा सगळा परतीचा प्रवाह वाहून नेणारी तार आहे. ती सॉकेटमध्ये सैल झाली, मीटरच्या बोर्डावर जळाली किंवा बाहेर खांबावर तुटली, तर फेजची वीज वाइंडिंगमधून न्यूट्रलच्या टोकाशी येऊन थांबते आणि तेथून त्या तुकड्यावाटे थेट टेबलावर पोहोचते. अशा वेळी मोटार फिरत नाही, ‘लाईट गेली’ असे वाटून माणूस निःशंकपणे टेबलाला हात लावतो, आणि टेबलावर २३० व्होल्ट असतात. एखाद्या सॉकेटमध्ये किंवा एक्स्टेंशन बोर्डात फेज आणि न्यूट्रल अदलाबदल होऊन जोडलेले असतील (जुन्या वायरिंगमध्ये हे फार सापडते), तर तार तुटण्याचीही गरज नाही. टॉप लावून बटण दाबताच टेबल फेजवर जाते.

एमसीबीवरचा आपला विश्वासही थोडा अस्थानी आहे. ती तारांना जळण्यापासून वाचवते, माणसाला शॉकपासून नव्हे. समजा आपण उद्या अर्थिंगचा खड्डा घेतला आणि पुरवठ्याच्या संपूर्ण वाटेचा रोध २० ओहम भरला. फेज बॉडीला चिकटल्यास २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपिअरची एमसीबी तो साधा भार समजून गप्प बसेल आणि टेबल तसेच जिवंत राहील. रोध ५ ओहमवर आणला तरी प्रवाह ४६ अँपिअर होतो, आणि सी प्रकारची १६ अँपिअरची एमसीबी तत्क्षणी पडण्यासाठी ८० ते १६० अँपिअर लागतात. त्याखाली ती तापून, काही सेकंदांनी पडते. म्हणूनच अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत तेवढा फरक पडताच ती सेकंदाच्या एक तृतीयांशाहून कमी वेळात पुरवठा तोडते, आणि २० ओहमचे सामान्य अर्थिंगही तिला पुरते. तिच्यापुढे न्यूट्रल आणि अर्थ कोठेही एकत्र आलेले नसावेत. आपल्याकडचा तो तुकडा तसाच ठेवून आरसीसीबी बसवली, तर नीट अर्थिंग जोडताच ती वारंवार पडेल, आणि मग ‘ही कटकट नको’ म्हणून तीच काढून टाकली जाईल, असा अनुभव आहे.

आता मोटार. भंगारातील माल २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडून निघालेला असण्याची शक्यता सांगलीत तरी नाकारता येत नाही. कंडेन्सर (मोटारीला जोडलेला, वीज साठवणारा भाग) सोडवून, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) वाइंडिंग आणि बॉडी यांमधील रोध रिवाइंडिंगच्या दुकानातून मोजून घ्यावा. तो किमान १ मेगओहम असावा. कमी भरल्यास मोटार उघडून एक-दोन दिवस उन्हात किंवा बल्बच्या उबेत सुकवावी आणि पुन्हा मोजावी. तरीही आकडा वर आला नाही तर रिवाइंडिंगला पर्याय नाही. शेडपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, अर्थची हिरवी तार बॉडीवरच्या स्वतंत्र बोल्टला, आणि हे सारे परवानाधारक कंत्राटदाराकडून. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची असली तरी मीटरनंतरचे वायरिंग आपले असते.

प्रश्न : माझ्या तासगावच्या घरी ग्राइंडर चालू असताना लाईट गेली. बटण बंद करायचे राहिले आणि अर्ध्या तासाने चाक आपोआप फिरू लागले. यावर उपाय काय?

उत्तर : साध्या बटणाऐवजी नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर बसवावा. पुरवठा जाताच त्याची कॉइल संपर्क सोडते, आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. त्यातील ओव्हरलोड रिले (जादा प्रवाह वाहू लागल्यास मोटार बंद करणारा भाग) मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर लावावा. १ अश्वशक्तीच्या सिंगल फेज मोटारीस साधारण ७ अँपिअर लागतात आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट, म्हणून एमसीबी ‘अंदाजाने मोठी’ घेण्याचा मोह होतो, तोही टाळावा. बंद करण्याचे लाल बटण चाकापलीकडे हात न नेता दाबता येईल अशा जागी असावे.

प्रश्न : मिरजेत सतारीच्या खुंट्या कातण्यासाठी छोटा लेथ केला आहे, पण मोटार उलटी फिरते. टॉपमधील तारा बदलून पाहिल्या, फरक पडत नाही.

उत्तर : पडणारही नाही, कारण फेज-न्यूट्रल बदलल्याने रनिंग आणि स्टार्टिंग या दोन्ही वाइंडिंगमधील प्रवाह एकाच वेळी उलटतात. केवळ स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोके आपसांत बदलावी लागतात. टर्मिनलचे झाकण उघडण्यापूर्वी टॉप काढावा आणि कंडेन्सरच्या टोकांना काही सेकंद बल्ब लावून तो रिकामा करावा. पेचकसाने शॉर्ट करू नये. दिशा बदलण्याआधी लेथवरील चकचे (लाकूड पकडून फिरवणाऱ्या भागाचे) आटे कोणत्या बाजूचे आहेत ते पाहावे, नाहीतर चालू यंत्रावरच चक सुटून येईल.